सीईडी लाइनवर नव्याने येणाऱ्यांसाठी: ओतीव जॉब उतरवण्यापासून भट्टीपर्यंत

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती या भागांत पंपाच्या बॉड्या, हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे भाग, ट्रॅक्टर-ट्रकचे ब्रॅकेट असा ओतीव माल रोज निघतो. वाहन कारखान्यांकडे जाणाऱ्या मालावर बहुतेक वेळा काळा सीईडी रंग मागतात. खानापूर, येळ्ळूर, निपाणीकडून आयटीआय किंवा डिप्लोमा करून आलेली पोरं-पोरी अशा लाइनवर पहिल्यांदा उभी राहतात तेव्हा त्यांच्या हातात बहुधा टाक्यांच्या तापमानाचा तक्ता दिला जातो. त्या तक्त्यामागचं कारण सांगायला शिफ्टमध्ये कोणाला सवड नसते. ते कारण कळावं म्हणून हा लेख.

सीईडी म्हणजे कॅथोडिक इलेक्ट्रो डिपॉझिशन. टाकीतल्या द्रवात साधारण ८० टक्के पाणी असतं आणि त्यात ईपॉक्सी रेझिन व रंगद्रव्याचे अतिबारीक कण पसरलेले असतात. या कणांवर धन भार असतो. जॉब (रंगवायचा भाग) रेक्टिफायरच्या (एसीचा डीसी करणाऱ्या यंत्राच्या) ऋण टोकाला जोडून बुडवला की कण त्याच्याकडे ओढले जातात. जॉबच्या अगदी लगत पाण्याचं विघटन होऊन हायड्रोजन सुटतो आणि तिथलं पाणी अल्कलीयुक्त बनतं. त्या अल्कलीत कणांना पाण्यात तरंगत राहता येत नाही, ते धातूवर बसतात. बसलेला थर विजेला अडवतो, म्हणून वीज अजून उघडी असलेली जागा शोधत आत शिरते. फवाऱ्याचा रंग जिथे पोचत नाही अशा कोपऱ्यात, पाइपाच्या पोटात सीईडी पोचतो तो यामुळेच. या गुणाला लाइनवर 'थ्रो पॉवर' म्हणतात. फोर्ड कंपनीने १९६० च्या दशकात ही पद्धत मोटारींसाठी वापरात आणली. तेव्हा जॉब धन टोकाला असायचा. १९७० च्या दशकात आजची ऋण टोकाची पद्धत आली आणि गंजरोधात ती इतकी सरस ठरली की जुनी जवळपास मागे पडली.

रसायनशास्त्र एवढं पुरे. नवा माणूस सगळ्यात जास्त वेळ रंगाच्या टाकीकडे बघत उभा राहतो. माझं मत असं की बिघाडाची सुरुवात तिथे फार थोड्या वेळा होते. रंग धरणार की सुटणार, हे जॉब टाकीत जाण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं. म्हणून या लेखात आधीच्या पायऱ्यांना जास्त जागा दिली आहे.

माल उतरवून घेताना

चलानवरचे नग मोजून झाले की लगेच टांगायला घेऊ नका. लॉटमधले चार-पाच जॉब उजेडात धरून बघा. पांढरं फडकं घासून बघा. काळं तेलकट आलं तर कटिंग ऑइल किंवा गंजरोधक तेल आहे, तांबूस आलं तर गंज आहे. बोटाला बारीक रवाळ लागलं तर साच्याची वाळू अजून चिकटलेली आहे. वाळूतून वीज जात नाही, त्यामुळे त्या कणावर थर बसत नाही. पुढे कण निखळतो आणि खाली उघडं लोखंड राहतं. गंजाचा पहिला ठिपका तिथे उठतो.

ओतीव लोखंडाचा दुसरा स्वभाव म्हणजे त्याची छिद्रं. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या बॉडीच्या पोटातही बारीक पोकळ्या असतात. मशीनिंगमध्ये त्यांत कूलंट शिरतं, धुलाईत पाणी शिरतं, आणि भट्टीत वाफ होऊन ते बाहेर पडताना रंगाला फोड आणतं. असा संशय असलेला लॉट आधी भट्टीतून एकदा कोरडा काढून, मग धुवून रंगवायचा. खर्च वाढतो, पण तो ग्राहकाशी आधी बोलून ठरवता येतो. नाकारलेल्या लॉटचं तसं नसतं.

काही वेळा फाउंड्रीतून ब्लोहोल (ओतताना राहिलेली हवेची भोकं) पुट्टीने भरून माल येतो. पुट्टीवर सीईडी बसत नाही, शिवाय भट्टीच्या १७५ अंशांत ती तडकते. जॉबवर रंग थोडा वेगळा, निस्तेज ठिपका दिसला तर नखाने खरवडून बघा आणि लॉट बाजूला ठेवून फाउंड्रीला फोन करा. आम्लात बुडवून गंज काढायचा मोह ओतीव मालाबाबत टाळा. छिद्रांत अडकलेलं आम्ल कितीही धुतलं तरी पुरतं निघत नाही आणि काही दिवसांनी रंगाखालून पाझरतं. इथे शॉट ब्लास्टिंगच (पोलादी छर्ऱ्यांचा मारा करून साफ करणं) खरं.

ब्लास्टिंग झालेला जॉब मात्र अगदी उघडा असतो. जून ते सप्टेंबर बेळगावच्या हवेत तो काही तासांत तांबूस पडायला लागतो. खानापूरच्या बाजूला तर आणखी लवकर. त्या महिन्यांत ब्लास्टिंग आणि सीईडी एकाच शिफ्टमध्ये बसवा. सकाळी जेवढा माल रंगाला जाणार तेवढाच ब्लास्ट करून घ्या. ढीग करून ठेवलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्लास्ट करावा लागेल. उन्हाळ्यात त्रास उलटा असतो. इथली तांबडी जांभ्याची धूळ ट्रकमागून थेट शेडमध्ये येते आणि ओल्या थरावर बसते. रस्त्याकडचं शटर बंद ठेवा, रंगाच्या टाकीपासून भट्टीपर्यंतचा पट्टा बंदिस्त ठेवा.

ज्या बोअरमध्ये किंवा आट्यांमध्ये रंग नको, तिथे सिलिकॉनचे प्लग लावतात. प्लग भट्टीचं तापमान सोसणारा आणि स्वच्छ असावा. सिलिकॉनचा स्प्रे मात्र या शेडमध्ये कोणत्याही कामाला आणू नका. त्याचा अंश टाकीत गेला की प्रत्येक जॉबवर खड्डे उठतात आणि ते जायला आठवडे लागू शकतात. केसांना लावायच्या काही सीरममध्ये आणि हाताच्या क्रीममध्येही सिलिकॉन असतं, तेव्हा ते लावून कामावर येऊ नये.

टांगणं हे कौशल्याचं काम आहे

हँगरवर जॉब अडकवणं हलकं काम समजून नव्यातल्या नव्याला देतात. मला हे पटत नाही. तीन गोष्टी इथेच पक्क्या होतात: वीज नीट पोचेल का, हवा निघेल का, पाणी निथळेल का.

वीज पोचण्यासाठी हुकाचं टोक आणि जॉब यांत धातूला धातू टेकला पाहिजे. हुकावर प्रत्येक फेरीत रंगाचा थर चढतो. तो साठला की जॉब टाकीत पूर्ण वेळ बुडूनही अर्धवट रंगून बाहेर येतो. हुक ठरलेल्या फेऱ्यांनंतर जाळून किंवा स्ट्रिपरमध्ये साफ करायचे असतात. शंका आली तर मल्टिमीटर लावा.

वाटीसारखा खोलगट जॉब तोंड खाली करून टांगला तर आत हवेचा फुगा अडकतो आणि तिथे रंग लागत नाही. तोंड वर केलं तर प्रत्येक टाकीतलं पाणी भरून पुढच्या टाकीत जातं, म्हणजे डिग्रीसिंगचं (तेल काढण्याच्या धुलाईचं) अल्कली फॉस्फेटमध्ये (रंगाला पकड देणारा थर बसवण्याच्या टाकीत), फॉस्फेटचं पाणी रंगात. अशा जॉबला तिरकं टांगायचं. किती तिरकं, हे कागदावर ठरत नाही. नवा जॉब आला की पाण्याने भरलेल्या पिंपात त्याच हुकावर बुडवून बघा. बुडवताना बुडबुडे कुठून निघतात, काढल्यावर किती पाणी खाली राहतं, हे डोळ्यांनी दिसतं. जुळलेल्या कोनाचा फोटो काढून लोडिंगच्या जागी लावा. कोणत्याच कोनात जमत नसेल तर ग्राहकाला निथळण्यासाठी छोटं भोक देता येईल का, ते विचारा. ड्रॉइंग बदलणं त्यांच्या हातात असतं, तुमच्या नाही, पण विचारलं तर पुष्कळदा मिळतं.

जाड आणि पातळ जॉब एकाच हँगरवर मिसळू नका. कारण भट्टीपाशी येईल.

धुलाई आणि फॉस्फेटिंग

डिग्रीसिंग साधारण ५० ते ६० अंश सेल्सियसला चालतं. तेल गेलं की नाही, हे ओळखायची खूण सोपी आहे: स्वच्छ पाण्यातून बाहेर आलेल्या जॉबवर पाणी सलग पसरून राहिलं पाहिजे. थेंब-थेंब होऊन फुटलं तर तेल आहे. तो हँगर पुढे सोडायचा नाही. तापमान बरोबर असूनही पाणी फुटत असेल तर द्रावणाची ताकद, वर तरंगणारा तेलाचा थर आणि फवाऱ्याचे बुजलेले नोझल या क्रमाने बघा.

नंतर धुलाई, मग टायटॅनियमयुक्त अ‍ॅक्टिव्हेशन, मग झिंक फॉस्फेट. अ‍ॅक्टिव्हेशनचं द्रावण जुनं झालं की फॉस्फेटचे स्फटिक मोठे आणि विरळ वाढतात. चांगला फॉस्फेट एकसारखा राखाडी दिसतो, बोटाने पुसला तर भुकटी येत नाही. सीईडीखाली त्याचं वजन चौरस मीटरला साधारण दीड ते तीन ग्रॅम पुरतं. त्याहून जाड थर जास्त चांगला, असा समज करून घेऊ नका. जाड थर ठिसूळ असतो, आणि रंग त्याच्यासकट सुटतो.

टायट्रेशन पहिल्याच आठवड्यात शिकून घ्या. गाळून घेतलेलं १० मिलिलिटर द्रावण, त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे थेंब, वरून ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा. गुलाबी रंग टिकेपर्यंत जितके मिलिलिटर लागले, तितके एकूण आम्लाचे पॉइंट. त्याच पद्धतीने ब्रोमोफिनॉल ब्लू वापरून मुक्त आम्लाचे पॉइंट काढतात. दोन्ही आकडे आणि त्यांचं गुणोत्तर रसायन पुरवठादाराने दिलेल्या मर्यादेत ठेवायचं. मुक्त आम्ल वाढलं तर थर नीट बसत नाही, फार घटलं तर गाळ वाढतो. आकडा मर्यादेबाहेर गेल्यावर एकदम कॅन ओतणं आणि दर शिफ्टला थोडं थोडं घालणं यांत दुसरी रीत नेहमी धरा.

लाइन मध्येच थांबली तर जॉब दोन टाक्यांच्या मध्ये वाळू देऊ नका. पाण्याची फवारणी चालू ठेवा. वाळलेल्या फॉस्फेटचे ओघळ रंगातून दिसतात.

रंगाच्या आधीची शेवटची धुलाई डीआय (क्षार काढलेल्या) पाण्याची. बोअरवेलच्या जड पाण्यातले क्षार या टप्प्यावर जॉबवर राहिले तर ते रंगाच्या टाकीत जातात आणि थराखाली अडकून पुढे फोड आणतात. मीटर टाकीत बुडवून समाधान मानू नका. जॉबवरून टपकणारं पाणी भांड्यात धरून त्याची वाहकता मोजा. ती सेंटिमीटरला ५० मायक्रोसिमेन्सच्या खाली असावी. टाकीचं पाणी चांगलं आणि टपकणारं वाईट असेल तर आधीची धुलाई कमी पडते आहे.

रंगाची टाकी

बाथचं (टाकीतल्या द्रवाचं) तापमान साधारण २८ ते ३५ अंश, पीएच सहाच्या आसपास, घन पदार्थ १५ ते २० टक्के, वेळ दोन ते चार मिनिटं, व्होल्टेज १५० ते ३५० च्या दरम्यान. नेमके आकडे तुमच्या रंगाच्या डेटाशीटवरून घ्या. दुसऱ्या कारखान्यातल्या मित्राचे आकडे इथे कामाचे नाहीत.

व्होल्टेज एकदम देऊ नये, काही सेकंदांत चढवत न्यावं. एकदम दिलं तर हायड्रोजन जोरात सुटतो आणि थरात टाचणीने टोचल्यासारखी भोकं राहतात. अ‍ॅमीटरकडे लक्ष ठेवा. निरोगी फेरीत करंट सुरुवातीला चढतो आणि थर बसत जाईल तसा उतरतो. उतरला नाही तर थर कुठेतरी फुटतो आहे, किंवा बाथ जास्त तापला आहे. चढलाच नाही तर हुकाचा टेकाव तपासा.

टाकीतला द्रव सतत फिरता राहिला पाहिजे, सुट्टीच्या दिवशीही, रात्रीही. फिरणं थांबलं की रंगद्रव्य तळाशी बसतं, मग आडव्या पृष्ठभागांवर खरबरीत थर येतो. वळवाच्या वादळात हेस्कॉमची (वीज कंपनीची) लाइन गेली तर जनरेटरवर पहिला मान सर्क्युलेशन पंपाचा, मग चिलरचा. शेडचे दिवे नंतर. दर आठवड्याला जनरेटर लोडवर चालवून बघा.

रंग किती लागेल, याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर २० मायक्रॉन थर म्हणजे २० घनसेंटिमीटर कोरडा रंग. घनता १.३ धरली तर २६ ग्रॅम. दिवसाला ५०० चौरस मीटर माल गेला तर १३ किलो घन पदार्थ टाकीतून गेले. तेवढे रेझिन आणि रंगद्रव्याची पेस्ट यांच्या ठरलेल्या प्रमाणात परत घालायचे. जॉब बसलेल्या थराबरोबर थोडा सुटा रंगही घेऊन बाहेर येतो. तो अल्ट्राफिल्ट्रेशनच्या (बाथमधूनच बारीक पडद्यातून गाळून काढलेल्या) पाण्याने धुवून टाकीत परत जातो. त्यामुळेच या पद्धतीत रंग वाया जाणं फार कमी. रेझिन बसताना आम्ल मागे सुटं राहतं. ते अ‍ॅनोडच्या (धन टोकाच्या) पडद्याच्या पेट्या बाहेर काढतात. पीएच घसरत चालला तर आधी त्या पेट्यांचा प्रवाह बघा.

भट्टी

ओतीव मालाच्या सीईडीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते. पॅनेलवर १७५ दिसतं ते हवेचं तापमान. रंगाला हवं असतं धातूचं तापमान, बहुतेक रंगांना सुमारे १७५ अंशांवर २० मिनिटं. पातळ पत्र्याचा ब्रॅकेट काही मिनिटांत त्या तापमानाला जातो. दहा-बारा किलोची पंप बॉडी त्याच भट्टीत अजून कोमट असते. दोघांना एकत्र सोडलं तर ब्रॅकेट करपतो किंवा बॉडी कच्ची राहते.

नवा जड जॉब आला की डेटा लॉगरची (तापमान नोंदवणाऱ्या यंत्राची) थर्मोकपल त्याच्या सर्वांत जाड भागात लावून एक फेरी काढा. आलेख काढून घ्या: धातू किती मिनिटांनी तापला, त्या तापमानावर किती वेळ टिकला. त्यावरून कन्व्हेयरचा वेग ठरवा. कच्चा राहिलेला रंगही चकचकीत काळाच दिसतो, म्हणून डोळ्यावर विसंबू नका. फडक्यावर एमईके (मिथाइल इथाइल कीटोन हे द्रावक) घेऊन ठरलेल्या वेळा घासा. काळं उतरलं किंवा चमक गेली तर जॉब कच्चा आहे.

तपासणी

जाडी चुंबकीय गेजने मोजतात, साधारण १८ ते २५ मायक्रॉन मागितली जाते. गुळगुळीत पट्टीवर शून्य केलेलं गेज शॉट ब्लास्ट केलेल्या खरबरीत ओतीव पृष्ठभागावर जास्त आकडा दाखवतं. न रंगवलेला त्याच लॉटचा जॉब ठेवून त्यावर शून्य करा. नाहीतर कागदावर २२ आणि प्रत्यक्षात १४ असा प्रकार होतो. रंग किती घट्ट चिकटला, हे बघण्यासाठी क्रॉस-कट (थरावर जाळीसारखे काप) आणि टेप.

सॉल्ट स्प्रे या गंजाच्या चाचणीमध्ये ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडतात. ५०० तासांची चाचणी म्हणजे जवळजवळ २१ दिवस. निकाल येईपर्यंत माल कोल्हापूर किंवा पुण्यात बसून गाडीला लागलेला असतो. म्हणून रोजच्या नोंदी महत्त्वाच्या: कोणत्या लॉटच्या वेळी टायट्रेशन किती होतं, व्होल्टेज किती, भट्टीचा वेग किती. नोंद त्या त्या वेळीच करा, शिफ्ट संपताना आठवून नको.

ईपॉक्सी सीईडी उन्हात टिकत नाही, काही काळाने पांढरट भुकटी धरतो. जॉब उघड्यावर राहणार असेल तर वरून पावडर किंवा दुसरा टॉपकोट लागतो, हे ग्राहकाला आधीच सांगा.

जिवाची काळजी आणि सांडपाणी

टाकीभोवतीचं कुंपण आणि दाराचा इंटरलॉक कधीही बायपास करू नका, अडकलेला एक जॉब सोडवण्यासाठीसुद्धा नाही. ३०० व्होल्टचा डीसी ओल्या अंगाला दुसरी संधी देत नाही. टाकीवरचा एक्झॉस्ट चालू असल्याशिवाय रेक्टिफायर चालू करायचा नाही, कारण हायड्रोजन साठतो. टाकी साफ करायला आत उतरायचं असेल तर आतली हवा तपासलेली, बाहेर एक माणूस उभा आणि परवाना लिहिलेला असला पाहिजे. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात नाही. सूचनांचे फलक कन्नड आणि मराठी दोन्हीत लावायला सांगा, बाहेरून आलेली माणसं असतील तर हिंदीतही. धोक्याच्या वेळी प्रत्येकाला आपल्या भाषेत वाचता आलं पाहिजे.

फॉस्फेटचा गाळ आणि ईटीपीचा (सांडपाणी शुद्ध करण्याच्या यंत्रणेचा) गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येतात. ते पोत्यांत भरून, लेबल लावून, छपराखाली ठेवायचे आणि कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्यता दिलेल्या ठिकाणीच पाठवायचे. झिंक-निकेलचं पाणी पावसाचा फायदा घेऊन गटारात सोडणारे लोक असतात. बळ्ळारी नाल्याचं पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भातशेतीत कसं शिरतं, हे इथे कोणाला सांगायला नको. ती शेतं आपल्यापैकीच कित्येकांच्या घरची आहेत. कोणी असा व्हॉल्व्ह उघडायला सांगितला तर नवे असलात तरी नाही म्हणा.

माल पाठवताना

भट्टीतून निघालेला जड जॉब वरून गार लागला तरी आतून तासभर ऊन असतो. तसाच प्लास्टिकच्या पिशवीत भरला तर पावसाळ्यात आत पाणी सुटतं आणि न रंगवलेले बोअर गंजतात. पूर्ण गार होऊ द्या, प्लग काढा, उघड्या मशीन केलेल्या भागांना गंजरोधक तेल लावा, जॉबमध्ये पुठ्ठा घाला म्हणजे घासून कडा उघड्या पडणार नाहीत. चलानवर लॉट नंबर आणि रंगवल्याची तारीख लिहा, आणि त्याच लॉटचा एक जॉब नाव घालून आपल्या कपाटात ठेवून द्या.